चाळीसच्या वर नाही

‘रॅली’ हा शब्द तनुजा साळवेच्या तोंडून बाहेर पडायचा अवकाश, आंबेटाकळीची ग्रामसभा मोहोळ उठावं तशी उठली.

“रॅलीचं नाव काढू नका, मॅडम!”

“मागल्या संक्रांतीला आलती तुमची रॅली. आवडाबाईचा खुबा मोडून गेली!”

तनुजा शहरातल्या एका तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवत होती आणि जुन्या गाड्यांच्या क्लबची यंदाची रॅलीप्रमुख होती. गोंगाट आपोआप दमेपर्यंत थांबायचं, ही वर्गातली सवय तिला इथंही उपयोगी पडली. सभेचा ओटा हळूहळू शांत झाला. तिने मग शहरातल्या छावणीपासून इथपर्यंत मनात घोळवत आणलेलं वाक्य उच्चारलं. “ती रॅली आमची नव्हती. ती भरधाव पळणाऱ्यांची होती. त्यांच्यामुळे आमच्यासारख्या गाड्यांवर जीव लावणाऱ्या माणसांचं नाव खराब होतं.”

वाटेत हे वाक्य तिला भक्कम वाटलं होतं. पण समोर काठी आडवी धरून बसलेल्या आवडाबाईकडे पाहताना ते तिलाच पोकळ वाटलं. त्या दिवशी म्हातारी बांधाच्या कडेने चाऱ्याचा भारा घेऊन चालली होती. एका गाडीची कड लागली. गाडी थांबली नाही, तिच्या मागच्या थांबल्या नाहीत, आणि धूळ बसली तेव्हा रस्त्यावर चारा पसरलेला होता.

सरपंच कडुबा शांतपणे म्हणाले, “तुमच्या नावाचं तुमी बघा, ताई. आमच्याकडं खुबा मोडलाय.”

आपली स्पर्धा काय असते एवढंच तनुजाने सांगितलं. प्रत्येक टप्प्याला वेग ठरवून दिलेला असतो. त्या वेगाने गेलं तर जी वेळ लागेल, नेमक्या त्या वेळी पोचायचं. उशीर झाला तर गुण कापले जातात, आणि लवकर पोचलं तर दुप्पट कापले जातात.

“म्हंजी लवकर आला तो हारला?” मागून कुणीतरी विचारलं.

“हो.”

“मग ही शर्यत हाय का यस्टी?”

“यस्टी कुठली? यस्टी कधी वेळेवर आलीया!”

ओटा हसला. आवडाबाई मात्र हसली नाही. “बोलाया काय जातंय,” ती म्हणाली. “गाडीत कोण बसून बघणार?”

कडुबांना त्या बोलण्यात वाट सापडली. “असं करू. फाट्यापासून शाळेच्या पल्याडपर्यंत तुमच्या दर गाडीत गावचा एक माणूस बसंल. जामीन. वेगाचा काटा बघत बसायचं. कबूल असंल तर रस्ता तुमचा.”

“कबूल. चाळीसचा वेग ठरवते,” तनुजा म्हणाली. “त्या दिवशी या रस्त्यावर एकही गाडी चाळीसच्या वर जाणार नाही. शब्द देते.”

“एकबी?” आवडाबाईने विचारलं.

“एकही.”

*

रॅलीच्या सकाळी छावणीच्या मैदानावर जुन्या गाड्या रांगेने उभ्या राहिल्या. कुणाची फियाट, कुणाची जिप्सी, दंतवैद्य बद्रीनाथ काळ्यांची मोरपंखी हेराल्ड. रांगेच्या टोकाला तनुजाची पांढरी अँबेसिडर होती. तिचे वडील पुंडलिक साळवे एका सरकारी कचेरीत आयुष्यभर हीच गाडी चालवत होते, साहेब मागे आणि ते पुढे. गाडी लिलावात निघाली तेव्हा त्यांनी ती घेतली आणि पहिल्याच दिवशी बायकोला मागच्या गादीवर बसवून सगळ्या छावणीतून फिरवलं. तनुजाचं गाडीवेड तिथून आलं. हे वेड कुणाला श्रीमंतांचा चाळा वाटलं, की तिला राग यायचा. कारण त्यात तिचा बाप होता.

क्लबचे अध्यक्ष अभय देशमुख हिरवा झेंडा बगलेत धरून तिच्याकडे आले. माणूस गोड बोलणारा, कुणालाही नाही म्हणता न येणारा.

“तनुजा, एक छोटीशी गोष्ट. आपल्यानंतर तासाभराने अजून एक तुकडी निघेल. थंडरवाले, ती वेगवान गाड्यांची पोरं.”

तिच्या हातातला चहा तसाच राहिला. “कुठल्या रस्त्याने?”

“आपल्याच. अगं, हमरस्त्यावर वेगाचे कॅमेरे बसलेत. आंबेटाकळीचा रस्ता नवा आहे, मोकळा आहे. पोलिसांची परवानगी आपल्या नावावर आहेच, तर म्हटलं...”

“गेल्या वर्षी म्हातारीला उडवून गेलेली हीच माणसं ना?”

“कोण होतं ते सिद्ध झालेलं नाही. आणि तुझाच विद्यार्थी त्यांचा म्होरक्या आहे, ऋतुराज. चांगला मुलगा आहे. त्यांच्या गाड्या बघायला अख्खं शहर लोटतं. त्यांच्यासोबत क्लबचंही नाव होईल.”

“नाव झालंय, अभयदादा. त्या गावात आपल्याला काय म्हणतात ते ऐकायला एकदा चला. मी शब्द दिलाय त्यांना. एकही गाडी चाळीसच्या वर जाणार नाही, असा.”

“आपल्या गाड्यांचा शब्द दिलास. तो पाळ की!”

“एकही म्हटलं होतं मी. आपली-त्यांची असं नव्हतं म्हटलं.”

अभयदादांनी खांदे उडवले. तनुजाने बाजूला जाऊन कन्नडच्या पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या हवालदाराने सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पण मॅडम, परवानगी तर तुमच्याच क्लबची आहे. अध्यक्षांनी रद्द केली तर सांगा.” अध्यक्ष तोवर झेंडा उलगडून छायाचित्रासाठी उभे राहिले होते.

स्पर्धेच्या रीतीप्रमाणे गाड्या थोड्या थोड्या अंतराने सुटल्या. अँबेसिडर सर्वांत आधी सुटली, पण कन्नडच्या अलीकडे, आंबेटाकळीच्या फाट्यावर पोचल्यावर तनुजाने ती कडेला घेतली आणि मागून येणारी एकेक गाडी हात करून थांबवली. वेळेचा हिशेब मोडला म्हणून काहीजण वैतागले. फाट्यावर जामीन वाट बघत होते. पुरुष टोप्या घालून आणि बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. आवडाबाईला बसायला कुणीतरी खुर्ची आणली होती.

तनुजाने काहीही लपवलं नाही. मागून कोण येतंय, कुणाच्या परवानगीने येतंय, हे तिने सांगितलं. “माझा शब्द माझ्याच क्लबने मोडलाय. आता एकच करता येईल. आमच्या सगळ्या गाड्या अंतर न ठेवता एकामागे एक चालतील, चाळीसने. रस्ता अरुंद आहे, त्यांना पुढे जायला जागा मिळणार नाही. पण मागून भरधाव येणाऱ्यांसमोर तुम्हाला बसवणं मला बरोबर वाटत नाही. तुम्ही बसू नका.”

कडुबांनी गावकऱ्यांकडे पाहिलं. आवडाबाई काठी टेकून उठली. “मग तर बसायलाच पायजे,” ती म्हणाली आणि कुणाची वाट न पाहता अँबेसिडरकडे निघाली.

क्लबच्या माणसांतून एक आवाज आला, “आणि स्पर्धेचं काय? वर्षभर तयारी केलीय.”

“स्पर्धा रद्द. रॅलीप्रमुख म्हणून मी रद्द करतेय. ज्यांना नको त्यांनी हमरस्त्याने सरळ घरी जावं, मी कुणाला दोष देणार नाही.”

मग दंतवैद्य काळे हेराल्डचं दार उघडून एका जाडजूड पाटलांना आत बसवू लागले. “मी तसाही शेवटूनच पहिला येतो,” ते म्हणाले. “आज निदान कारण तरी सांगता येईल.” दोघंजण गाड्या वळवून निघून गेले. बाकीचे थांबले.

“सगळ्यात मागं मी राहते,” तनुजा म्हणाली. “माझी गाडी रुंद आहे.”

*

अँबेसिडरची पुढची बैठक सलग, बाकासारखी. आवडाबाई तिच्यावर ऐसपैस टेकली आणि तिने मोडल्या खुब्याचा पाय लांब केला.

“ही तर आमदाराची गाडी!”

“माझ्या बापाची आहे, आजी.”

“आमदार व्हता?”

“नाही. ड्रायव्हर.”

“मग बरंय,” म्हातारी म्हणाली. काट्यावर डोळे रोखून तिने विचारलं, “चाळीस कुठं हाय ह्यात?”

तनुजाने बोट दाखवलं. पुढे एका लयीत रांग सरकत होती. हेराल्डच्या मागच्या काचेत पाटलांची टोपी डुलत होती. दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या, मध्येच गव्हाचं हिरवं वावर. म्हातारीला मजा येत होती. खिडकीतून ओळखीची माणसं दिसली की ती हात वर करायची. मग अचानक ती तनुजाकडे वळली.

“जरा पळव की.”

“आजी! तुम्ही जामीन आहात.”

“व्हय, पण कुणी बघत नाय.”

तनुजाला हसू आवरलं नाही. या बाईला गाडीचा राग नव्हताच. वेगात काय गोडी असते हे तिला न सांगता कळलं होतं.

तेवढ्यात आरसा भरला. आधी एक पिवळा ठिपका दिसला, मग ठिपक्याची जमिनीला टेकलेली गाडी झाली, आणि तिच्यामागे लाल, काळ्या, निळ्या गाड्या. आवाज तर त्यांच्याही आधी आला. पिवळी गाडी इतकी जवळ आली की तिचं नाक आरशात दिसेनासं झालं. दिव्यांची उघडझाप सुरू झाली, मग हॉर्न.

तनुजाने काटा हलू दिला नाही. पिवळी गाडी उजवीकडे सरकली, तशी अँबेसिडर रस्त्याच्या मधोमध आली. डांबराच्या दोन्ही कडांना वीतभर खोल मुरूम होता आणि त्या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नव्हतं. ती परत मागे गेली. हॉर्न वाजतच राहिले. रांगेतल्या कुणीही वेग वाढवला नाही.

“कितीवर हाय?” आवडाबाईने विचारलं. आता ती हसत नव्हती.

“चाळीस.”

“ऱ्हाऊ दे.”

शाळेच्या अलीकडे एका वळणावर म्हातारीने तनुजाच्या मनगटावर हात ठेवला. “हितं थांबव. हितंच पडले व्हते म्या.”

तनुजाने गाडी थांबवली. पुढची रांगही थांबली. मागे टायर घासल्याचा आवाज आला आणि पिवळ्या गाडीचं दार वरच्या बाजूला उघडलं. ऋतुराज बाहेर आला. उंच, काळा चष्मा कपाळावर, चेहरा रागाने तापलेला. पण आपल्या मॅडमना पाहताच त्याची चाल आपोआप मंदावली.

“मॅडम, हे काय आहे? तुम्ही आमचा इव्हेंट बरबाद केला! लोक पुण्याहून आलेत, यार.”

“तुमचा इव्हेंट कुणाच्या परवानगीवर चाललाय, ऋतुराज?”

“अभय सरांनी दिली ना! आणि आपण सगळे गाडीवालेच आहोत, मॅडम. बाहेरच्या लोकांसमोर एकमेकांना आडवं जायचं का? बदनामी आपलीच होते.”

“बदनामी म्हातारीला पाडून पळालात तेव्हा झाली. आडवी मी आज आलेय. एक वर्ष उशिराच आले.”

“ती गाडी माझी नव्हती!”

“कुणाची होती ते तुला माहीत आहे?”

मागे उभ्या असलेल्या आपल्या मित्रांकडे ऋतुराजने पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

आवडाबाई एव्हाना काठी टेकत खाली उतरली होती. पिवळ्या गाडीभोवती तिने एक फेरी मारली. टपावरून हात फिरवला, तसा ऋतुराज नकळत दचकला.

“लई गुळगुळीत हाय,” ती म्हणाली. “केवढ्याला पडली?”

तो गोंधळला. “आजी, ते... बरीच.”

“पुढं शाळा हाय. पोरं बाहेर आल्याती गाड्या बघाया. हितून पुढं जायचं असंल तर जामीन लागंल. म्या बसते तुझ्यात.”

ऋतुराज हसायला गेला, पण कुणीही हसलं नाही. कडुबा पुढच्या जिप्सीतून उतरून आले होते, दंतवैद्य काळेही. ऋतुराजने मुकाट्याने दुसऱ्या बाजूचं दार वर केलं.

म्हातारीने काठी त्याच्या हातात दिली. पाठ वळवून ती बसायला वाकली आणि अर्ध्यातच थांबली. बैठक पार खाली होती, चुलीपुढच्या पाटाइतकी. तिने दाराची कड धरून पुन्हा प्रयत्न केला. खुब्याचा सांधा दुमडेना. तोंडातून कण्हणं निसटलं, ते तिने ओठ दाबून आत ढकललं आणि तिसऱ्यांदा वाकली.

“नका, आजी,” ऋतुराज म्हणाला. काठी त्याच्याच हातात होती. “राहू द्या.”

“पहिलं बसता याचं,” आवडाबाई म्हणाली, जणू त्याला समजावत. “निंदायला बसायचे, भाकरीला बसायचे. आता नाय जमत.”

ऋतुराजने तिच्या काखेत हात घालून तिला सरळ उभं केलं. त्याच्या मागून एकाने हॉर्न वाजवला. तो वळून ओरडला, “बंद कर रे!”

लाल आणि काळी, दोन्ही गाड्या मागे-पुढे करत, मुरमावर पोट घासत, फाट्याकडे परतल्या. त्यांच्यामागे आणखी काही गेल्या. मग ऋतुराज काठी आवडाबाईच्या हातात देऊन खालच्या आवाजात कडुबांना म्हणाला, “तुमच्यापैकी कुणाला तरी बसवा माझ्या शेजारी.”

“म्या बसतो,” कडुबा म्हणाले. “पण काटा कुठं हाय ते आधी दाखव.”

तनुजाच्या खिशातला फोन मघापासून थरथरत होता. तिने तो उचलला.

“तू काय करून ठेवलंस?” अभयदादांचा आवाज पहिल्यांदाच गोड नव्हता. “ते लोक फोनवर फोन करतायत. पुढच्या वर्षी रॅलीप्रमुख दुसरं कुणीतरी असेल, समजलं?”

“असू द्या, दादा. पण रस्ता हाच हवा असेल तर त्याला इथं ग्रामसभेत यावं लागेल. आणि मी क्लब सोडणार नाही. गाडीचं वेड माझ्या बापाचं आहे, ते मी तुमच्या हवाली करणार नाही.”

पलीकडून काही बोलणं येण्याआधी तिने फोन बंद केला आणि दार उघडून धरलं. आवडाबाई आपल्या बाकावर टेकली, पाय लांब केला, पदर नीट घेतला. आरशात पिवळी गाडी पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत उभी होती आणि तिच्या काचेतून कडुबांची टोपी दिसत होती.

“आजी, निघायचं?”

“व्हय. आता तर कुणीच मागं नाय लागलं,” म्हातारी म्हणाली. “आता तरी पळव की जरा.”

“चाळीस,” तनुजा म्हणाली आणि गाडी हलली.