वर्खाच्या खोलीतली खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे, आणि मित्रांनो, आज मला जरा घाईनं बोलायचं आहे.

एका सुतारानं मला घडवलं आणि तळघराच्या भिंतीत, अगदी छताला लागून बसवलं. माझी काच रस्त्याच्या पातळीला येते. "हिच्यातून माणसांची तोंडं दिसायची नाहीत," तो हसत म्हणाला होता. "सासरे आले तर वहाणांवरून ओळखा." हे ज्यांना म्हणाला, ते नवं लग्न झालेले कारागीर होते. तसबिरींच्या चौकटींवर सोन्याचा वर्ख चढवायचे. पुढे त्यांची लेक त्यांना बाबा म्हणू लागली, म्हणून मीही बाबाच म्हणते.

वर्ख नुसत्या श्वासानंही उडतो. बाबा रुंद कुंचला किंचित तेलकट व्हावा म्हणून गालावरून फिरवत, त्यावर वर्ख अलगद उचलत आणि चौकटीवर टेकेपर्यंत श्वास रोखून धरत. त्याआधी मला बंद करत. काम संपलं की उघडत. मग रस्त्यावर गाड्या वाढल्या. काजळी ओल्या सरसावर बसू लागली. बाबांनी माझ्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि मी बंदच राहिले.

लोक म्हणत, "यांचा वर्ख म्हणजे आरसा." मला वाटायचं, त्यात थोडं कौतुक माझंही आहे. वर्ख चढवण्याआधी चौकटीवरचा खडूचा थर घासताना उडालेली पांढरी धूळ खोलीत तरंगत राहायची. बाहेर जायला तिला वाट नव्हती.

बाबांचा खोकला थांबेना, तेव्हा दवाखान्यात फुप्फुसाचा कर्करोग सापडला. मग दवाखान्याच्या सांगण्यावरून घरातली हवा मोजणाऱ्या बाई आल्या.

"विडी-सिगारेट ओढायचात?"

"छे. हात थरथरला तर वर्ख कसा बसेल?"

बाईंनी जमिनीवरच्या भेगांकडे पाहिलं. म्हणाल्या, काही ठिकाणी खालच्या दगडमातीतून रेडॉन नावाचा वायू वर येतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद तळघरात तो साठतो, त्याचे किरणोत्सारी कण बारीक धुळीला चिकटतात आणि धुळीबरोबर फुप्फुसात खोल जातात. त्यांनी फळीवर एक छोटी डबी ठेवली. "काही महिने राहू द्या. खोली रोज असते तशीच ठेवा."

मित्रांनो, रोज असते तशी म्हणजे बंद.

बाबा वरच्या खोलीत झोपून असत. चौकटींचं काम लेकीनं हातात घेतलं. वर आजोबांच्या खोकल्यानं तिची तान्ही टिल्ली झोपेतून दचकायची, म्हणून लेक तिला पाळण्यासकट खाली घेऊन आली. "इथं कसं शांत आहे," म्हणाली. माझ्या काचेवरून हात फिरवून तिनं पट्ट्या घट्ट दाबल्या. बाळाला रस्त्यावरचा धूर नको, म्हणून. तिच्या त्या मायेच्या हातानं माझा जीव गुदमरला. टिल्लीची छाती पाळण्यात खालीवर व्हायची. मी काय करणार? लाकूड फार तर करकरतं. मी करकरले. लेकीनं आणखी एक पट्टी लावली.

मग बाई निकाल घेऊन आल्या.

"फार आहे. हे बाळ इथं झोपतं?"

"धूर लागू नये म्हणून आणलं होतं," एवढंच लेक बोलली.

"धूर दिसतो, म्हणून आपण त्याला भितो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "लगेच काही झालंय असं नाही. हा धोका वर्षानुवर्षं साचत जातो. पण बाळाला आत्ताच वर न्या. भेगा बुजवा, जमिनीखालून पाइप काढून पंख्यानं हवा छपराबाहेर सोडा. तोवर निदान ही खिडकी उघडी ठेवा."

बाई गेल्या. लेकीच्या कुंचल्यावर वर्ख तसाच थरथरत होता. "एवढी कड होऊ दे," ती स्वतःशीच पुटपुटली, "मग नेते वर."

जिन्यात धाप ऐकू आली. बाईंचं बोलणं वर ऐकू गेलं असावं; बाबा भिंत धरून, पायरीपायरीला थांबत खाली येत होते.

"बाबा, तुम्ही कशाला उठलात?"

त्यांनी टेबलावरची वर्ख कापायची सुरी उचलली, स्टुलावर चढले आणि माझ्या पट्ट्या एकेक करून कापल्या. मला ढकललं. इतक्या वर्षांनी मी उघडले.

"बाबा, वर्ख..."

"उडू दे."

आणि तो उडाला. जमिनीवर, बाबांच्या विरळ केसांत, टिल्लीच्या पांघरुणावर. आयुष्यभर ज्याच्यासाठी त्यांनी श्वास रोखला, त्या सोन्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. लेकीनं कुंचला टाकला, टिल्लीला उचललं आणि धावतच जिना चढली. बाबा खालीच बसून राहिले. त्यांना आता चढवत नव्हतं.

मित्रांनो, पाइप अजून बसलेला नाही. माझ्यातून धूर आत येतो, आणि मी एकटी तो वायू पुरा बाहेर काढू शकत नाही. पण गार झुळूक आली की कुणीतरी येतं आणि सवयीनं माझ्या कडीला हात घालतं. तुमच्याही घराखाली अशी एखादी खोली असेल, तर तिथली हवा मोजून घ्या. ती स्वच्छ दिसते, एवढ्यावर विसंबू नका. आणि जिथं मूल झोपतं, तिथल्या खिडकीला पट्टी लावण्याआधी एकदा त्याच्या छातीकडे बघा.

आत्ताही जिन्यात पावलं वाजताहेत. पाइपवाले असू देत. कडी लावणारं कुणी नको.