पांघरुणाखालचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ. माझा जन्म १९३४ सालचा, स्पेन देशातला. लाकडी पेटी, पितळी बटणं, गोल पिवळा दिवा. व्हॅलेन्सिया शहरातल्या विसेंत नावाच्या शाळामास्तरांनी मला घरी आणलं, तेव्हा त्यांची सात वर्षांची अम्पारो माझ्याभोवती नाचली होती.

दोन वर्षं मी गाणी ऐकवली. मग एका जुलैत बातमी द्यावी लागली, की सेनापतींनी निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केलं आहे. "चार दिवसांत निवळेल," मास्तर म्हणाले. युद्ध तीन वर्षं चाललं. बंडखोर जिंकले, आणि त्यांचा सेनापती फ्रँको पुढे मरेपर्यंत, छत्तीस वर्षं सत्तेवर राहिला.

मास्तरांची नोकरी गेली. परदेशी बातम्या ऐकणं धोक्याचं झालं. तरी ते आणि अम्पारो माझ्यासकट पांघरुणात शिरून लंडनच्या बातम्या ऐकत. एका संध्याकाळी त्या अंधारात कुणाचा तरी हात बटणाला लागला आणि माझा आवाज भिंतीपलीकडे गेला. चौथ्या दिवशी पोलीस आले. अम्पारोच्या आईने मला कोळशात लपवलं, पण मास्तरांना लपवता आलं नाही. ते तुरुंगातच वारले.

अम्पारो लग्न करून अमेरिकेत आली, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला. मला सोबत आणलं, पण तीस वर्षांत एकदाही लावलं नाही. मी कपाटावर धूळ खात पडलो.

१९८० साली पुण्याची वसुधा तिच्याकडे भाड्याने राहायला आली. इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. ती अम्पारोला काकू म्हणे. तिने हौसेने मला उघडलं, दुरुस्त केलं. "काकू, ऑन करून बघू?"

"नको," काकू एवढंच म्हणाल्या.

पुढच्या फेब्रुवारीत एका दुपारी माद्रिदहून काकूंच्या बहिणीचा फोन आला. बंदुका घेतलेले शिपाई संसदेत घुसले होते, गोळ्या झाडल्या होत्या. तिचा मुलगा तिथे कारकून होता, तो आतच अडकला होता. एवढं सांगून फोन तुटला.

"वसुधा, लाव तो!"

खरखरीतून स्पेनचं केंद्र लागलं, आणि त्यावर सैनिकी बँड वाजू लागला. म्हणजे बंडवाल्यांनी केंद्रही ताब्यात घेतलं होतं. काकूंनी सोफ्यावरची रजई ओढून माझ्यावर टाकली आणि आत डोकं घातलं.

"काकू, अहो, इथे कोण पकडणार आहे?"

"हळू बोल!"

मग वसुधाही रजईत शिरली.

किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या तारा तापल्या होत्या. सात वाजून गेल्यावर स्पेनच्या राजाचं भाषण लागलं. बंडाला त्याचा पाठिंबा नव्हता. "संपलं, काकू," वसुधा म्हणाली. काकू मात्र हलल्या नाहीत. सकाळी बहिणीचा पुन्हा फोन आला. मुलगा घरी पोचला होता. तेव्हा कुठे त्या बोलल्या. वडिलांची सगळी हकीकत त्यांनी वसुधाला सांगितली आणि मग म्हणाल्या,

"त्या संध्याकाळी बटण मी फिरवलं होतं, वसुधा. मला नीट ऐकू येत नव्हतं. आईलासुद्धा कधी सांगितलं नाही."

"काकू, तुम्ही तेरा वर्षांच्या होतात!"

काकू रडल्या. वसुधाने त्यांचा हात सोडला नाही. त्या दिवशी ती क्लासला गेलीच नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जरूर पुसा, दुरुस्त करा. पण त्या वस्तूजवळून जाताना घरातलं कुणी गप्प होत असेल, तर फडकं बाजूला ठेवा आणि त्या माणसाशेजारी जाऊन बसा.