पोटाला बांधलेलं अंडं

मे महिना, पंचेचाळीस डिग्री, आणि मोर्शीजवळच्या आमच्या गावात पंचक्रोशीतल्या दीडशे गरोदर बाया काळ्या तंबूसमोर रांग लावून उभ्या. आत मोतीराम महाराज बॅटरीच्या उजेडावर एकेकीचं अंडं धरत. अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसे, मधोमध एक ठिपका लुकलुक हले.

"पाह्य माय! तुया पोटातला जीव यात उतरला. जागेवर हाये! आता मशीनखाली नेलं तं नजर लागन!"

रीत सोपी होती. गावठी कोंबडीचं ताजं अंडं चार दिवस पोटाला फडक्यानं बांधायचं आणि पाचव्या दिवशी तंबूत आणायचं.

त्या रांगेत माझी जुनी विद्यार्थिनी प्रणाली होती. लग्नाला सात वर्षं झालेली, पहिल्यांदाच दिवस गेलेले, सहावा आठवडा. उजव्या कुशीत कळ येत होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अमरावतीला सोनोग्राफी करून यायला बजावलं होतं. पण तिचं अंडं हललं, आणि तिच्या सासूबाईंनी, सुभद्राबाईंनी, अमरावती रद्द केली.

"सुभद्राबाई, ते कोंबडीचं पिल्लू आहे हो," मी म्हणालो.

"सर, तुमी विज्ञान शिकवता, लेकरू थोडीच देता?"

सगळी रांग हसली. प्रणालीही हसली, कुशीवर हात दाबून. मला राग आला, आणि राग आला की मी प्रयोग करतो. घरी येऊन मी स्वतःच्या पोटाला अंडं बांधलं.

पाचव्या दिवशी तंबूसमोर भरगर्दीत सदरा वर केला, अंडं उजेडावर धरलं. जाळं होतं, ठिपका हलत होता.

"महाराज, पेढे वाटा! मलाही दिवस गेले!"

लोक पोट धरून हसले. मी समजावलं : कोंबड्याबरोबर फिरणाऱ्या कोंबडीचं अंडं फळलेलं असतं. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी देते तेवढी ऊब आपल्या अंगाची मिळाली, त्यात आपला उन्हाळा, की तीन-चार दिवसांत पिल्लाचं काळीज हलतं. बाई असो की मास्तर, अंड्याला काय कळतं! महाराज मागच्या बाजूनं सटकले. मी जाम खूश होतो.

तेवढ्यात प्रणालीचा नवरा बंडू धावत आला. "सर, गाडी काढा! प्रणाली पांढरी पडून राहिली!"

अमरावती यायच्या आधीच माझ्या गाडीत ती गेली.

डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. बाईचं बीज गर्भाशयाकडे जाणाऱ्या नळीत फळतं, एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी होत पाच-सहा दिवसांनी गर्भाशयात पोचतं आणि तिथे रुजतं. प्रणालीचं नळीतच रुजलं. वाढलं, नळी फुटली, पोटात रक्त साचलं. सोनोग्राफीत आधीच दिसलं असतं.

तिसऱ्या दिवशी सुभद्राबाई माझ्या दारात येऊन बसल्या. रडल्या नाहीत.

"सर, थो महाराज खोटा हाये हे तुमाले मालूम होतं. मंग चार दिवस काहून थांबले?"

 

म्हणून हात जोडून सांगतो : दिवस गेलेल्या बाईचं पोट दुखलं, तर भोंदूला उघडं पाडत बसू नका. तो नंतरही सापडेल. आधी तिला गाडीत घाला.