दादाच्या सात कॅसेटी

दादाचा आवाज जाऊन सतरा वर्षं झाली होती. घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढलं, तेव्हा त्याची मुलगी दोन वर्षांची होती. तिची आई त्याआधीच गेलेली. दोघांना सांभाळलं ते दादाच्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे आत्यानं. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. दादा पाटीवर लिहून बोलायचा, आणि घराला त्याची इतकी सवय झाली होती की कुणाला त्यात काही वेगळं वाटेनासं झालं होतं.

यंदा आजार फुफ्फुसात उतरला. डॉक्टर महिन्यांऐवजी आठवडे मोजू लागले. तेव्हा मुलीनं विचारलं, "आत्या, बाबा बोलायचे कसे गं?"

आत्यानं कपाटावरून बुटांचं खोकं काढलं. आत काडेपेटीहून थोड्या मोठ्या सात डिजिटल कॅसेटी होत्या. मुलगी रांगत होती तेव्हाचं शूटिंग. कॅमेरा दादाच्याच हातात, त्यामुळे तो कुठे दिसणार नव्हता. पण शूटिंग करताना त्याच्या तोंडाची टकळी चालूच असायची.

त्या कॉम्प्युटरवर आणायच्या कशा, हा प्रश्न होता. कॅमेरा नव्हता. घर रंगवलं त्या वर्षी, चालू होत नाही म्हणून आत्यानंच तो भंगारात दिला होता. हे ती कुणाजवळ बोलली नाही.

पूर्वी कॅमेरे दुरुस्त करणारा आणि आता मोबाइलची कव्हरं विकणारा एक म्हातारा तिला सापडला. कॅमेरा कुठूनही मिळवा, म्हणाला, पुढे तीन रस्ते आहेत. कॅमेरा लॅपटॉपला जोडणारी लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींची डबी घेतली तर स्वस्तात काम होईल, पण चित्र फिकं येईल. नव्या लॅपटॉपला एकापुढे एक तीन जोडण्या लावता येतील, पण त्यातली एक जरी रुसली की बसा. तिसरा रस्ता म्हणजे जुना कॉम्प्युटर, त्यात अशा कॅमेऱ्यांची केबल घेणारं फायरवायरचं कार्ड, आणि कॅमेऱ्यातून थेट केबल. टेपवर असेल ते जसंच्या तसं उतरेल. आत्याला जसंच्या तसंच हवं होतं.

ते जमवण्यात साडेतीन आठवडे गेले. एक कार्ड बंद निघालं, दुसरं खाचेत बसेना. केबलही एकदा बदलून आणावी लागली. कॅमेरा शेवटी लग्नांचं शूटिंग सोडून दिलेल्या एका फोटोग्राफरकडे मिळाला. तोवर दादाला ऑक्सिजन लागला होता. पाटी तो आता उशीला टेकवून लिहायचा.

रविवारी दुपारी फोटोग्राफर स्वतः जोडणी करायला आला. त्याची स्वतःची टेप झकास चालली. मग दादाची पहिली कॅसेट घातली. पडद्यावर नुसते चौकोन, मधेच एक गुबगुबीत पाय, परत चौकोन. आवाजाचे कण तेवढे यायचे: कधी अर्धं अक्षर, कधी हसण्याचं टोक. त्यानं टेप वाचणारं आतलं हेड पुसलं, दुसरी घातली, तिसरी घातली. सातही तशाच.

फोटोग्राफरनं खुर्ची मागे घेतली. "ताई, हे लाँग प्लेवर रेकॉर्ड केलंय. साठ मिनिटांच्या टेपवर नव्वद मिनिटं बसवायची सोय होती ती. अशा टेपा बहुतेक वेळा ज्या कॅमेऱ्यानं लिहिल्या, त्यालाच वाचता येतात. तो आहे का?"

आत्यानं भंगाराचं सांगून टाकलं, दादाच्या पलंगाकडे न बघता.

दादानं पाटी मागितली. लिहायला बराच वेळ लागला. "लाँग प्ले मीच लावलं. टेप पुरवायला."

मग कव्हरं विकणाऱ्या म्हाताऱ्यानं फोटोग्राफरचा कॅमेरा उघडून, टेपांशी जुळतो का म्हणून आतले स्क्रू फिरवून बघितले. त्या खटपटीत एक कॅसेट आत गुरफटून फाटली. बाकीच्या सहांत काही फरक पडला नाही. शुक्रवारी दादा गेला.

पुढे महिनाभरानं मुलीनं आवाजाचे सगळे तुकडे सलग जोडले. नऊ सेकंद भरले. तिनं ते कितीदा तरी ऐकले. त्यात माणूस काही सापडेना.

"आत्या, तू नक्कल कर ना त्यांची. मला हाक कशी मारायचे?"

हाकेचा शब्द आत्याला पक्का आठवत होता. "ठमे," ती म्हणाली. तो तिचाच आवाज होता. तिनं घसा खाकरून जाड आवाज काढून पाहिला, मग थोडा बारीक. मुलगी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"मलाच आठवत नाही गं," आत्या म्हणाली.

मुलीनं मान हलवली आणि कॉम्प्युटर बंद केला.