पाओ-लिएनच्या कुंड्या

देवळासमोरच्या ओट्यावर गल्लीतली माणसं जमली, तेव्हा लिआव जिन-तू सगळ्यांच्या मागे खांबाला टेकून उभा होता. बैठक कशासाठी बोलावली आहे हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. ती त्याच्याच दारातल्या कुंड्यांसाठी होती.

काओश्युंग या बंदराच्या शहरात त्या वर्षी डेंग्यूने कहर मांडला होता. गोदीमागच्या या अरुंद गल्लीत आधी समोरची शिए यु-ये आजारी पडली आणि मग जिन-तूची बायको पाओ-लिएन. यु-ये बरी होऊन घरी आली होती. पाओ-लिएन अजून हॉस्पिटलात, खाटेवर लावलेल्या मच्छरदाणीत पडून होती. तिला मधुमेह जुना, त्यात प्लेटलेट उतरत चाललेल्या. त्यातच आज सकाळी तपासणीची माणसं टॉर्च घेऊन गल्लीभर फिरली आणि अळ्या सापडल्या त्या एकाच दारात, पाओ-लिएनच्या कुंड्यांखालच्या बशांमध्ये.

कुंड्या काही थोड्याथोडक्या नव्हत्या. दारापासून गल्लीच्या वळणापर्यंत भिंतीलगत त्यांची रांगच होती. बोगनवेल, अडेनियम, नेचे, कोरफड, छोट्या संत्र्याचं झाड, थर्माकोलच्या खोक्यांत कांद्याची पात आणि कालवणात घालायची वासाची तुळस. त्यांच्यापायी जिन-तूला स्वतःच्या दारात स्कूटर लावता येत नसे. "एक दिवस झोपेतून उठशील आणि सगळं कचऱ्याच्या गाडीत गेलेलं असेल," हे तो बायकोला इतकी वर्षं ऐकवत आला होता की ती मान वर करूनही बघत नसे.

"मला कोणाशी भांडायचं नाही," यु-ये म्हणाली. ती खुर्चीवर बसली होती, तापाने गालफडं बसलेली, डोक्याला रुमाल. "पण सकाळी खाटेवरून उतरताना माझी हाडं कुरकुरतात. केस मूठमूठ गळतायत. मी काय घोडं मारलं होतं कुणाचं? हिच्या फुलांचा वास मला, आणि हिचे डासही मलाच?"

दोघंतिघं हसले आणि लगेच गप्प झाले.

वस्तीची प्रमुख को मिंग-हुई चाळिशीची, शांत डोक्याची बाई होती. ती जिन-तूकडे वळली. "आ-बेक," थोरल्या काकांना हाक मारावी तसं ती म्हणाली, "राग मानू नका. सगळ्यांचं म्हणणं पडलंय की कुंड्या उचलाव्यात. तुम्ही तर नेहमीच त्यांच्यावर चिडलेले असता. माणसं आम्ही देऊ, उद्या दुपारपर्यंत गल्ली मोकळी होईल."

सगळ्यांना वाटलं होतं, म्हातारा मान डोलवेल. त्यालाही सकाळपर्यंत तसंच वाटत होतं. पण दुपारी हॉस्पिटलात पाओ-लिएनने ग्लानीत डोळे उघडले होते आणि पहिलाच प्रश्न विचारला होता, "संत्र्याला फळ धरलं का?" आपण कोण, कुठे आहोत, हे तिला नीट कळत नव्हतं, पण ते झाड ती विसरली नव्हती.

"नाही," जिन-तू म्हणाला.

"काय नाही?"

"कुंड्या उचलायच्या नाहीत. अळ्या आमच्याकडे सापडल्या, चूक आमची आहे. यु-येताई, तुमची मी माफी मागतो." तो खांबापासून पुढे आला आणि तिच्यासमोर कमरेत वाकला. "पण ती घरी येईस्तोवर त्यांना कोणी हात लावायचा नाही. पाणी साचणार नाही, ही जबाबदारी माझी. येत्या शनिवारी येऊन बघा. अळी दिसली तर ती कुंडी मी स्वतः फेकेन."

"तू?" यु-ये म्हणाली. "लाओ-लिआव, तुला तुळस आणि गवत यातला फरक तरी कळतो का?"

"नाही कळत," तो म्हणाला. "शिकेन."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कामाला लागला. पहिल्यांदा एकूण एक बशी काढून ब्रशने घासली, कारण डासांची अंडी कडेला चिकटून राहतात असं तपासणीवाल्यांनी सांगितलं होतं. घासून झाल्यावर त्याने त्या बशा पोत्यात भरल्या आणि संध्याकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली तेव्हा पोतं आत भिरकावलं. काम झालं असं त्याला वाटलं. पण पाणी घालताच ते कुंड्यांच्या बुडातून वाहत थेट यु-येच्या पायरीपर्यंत गेलं. पायरीवर तिची चप्पल होती.

यु-येने भिजलेली चप्पल दोन बोटांनी उचलून धरली. "आता बुडवून मारणार वाटतं."

जिन-तू गल्लीतल्या उताराकडे बघत उभा राहिला. उभी हयात त्याने गोदीत जहाजांच्या पत्र्यांना टाके घातले होते. पाणी कुठून शिरतं आणि कसं बाहेर काढायचं, एवढी एक गोष्ट त्याला झाडांपेक्षा बरी कळत होती. त्याने माळ्यावरचं वेल्डिंगचं यंत्र खाली उतरवलं, भंगारवाल्याकडून लोखंडी सळया आणि प्लॅस्टिकचे जुने पाइप आणले. कुंड्या ठेवायला सळयांचे गुडघाभर उंचीचे घोडे केले. त्यांच्याखाली पाइप उभे चिरून पन्हळीसारखे बसवले, एका बाजूला किंचित उतार देऊन, म्हणजे कुंडीतून ठिबकलेलं पाणी सरळ गटारात जाईल आणि पन्हळीत थेंब उरणार नाही. गुडघे बोलत होते. वाकून बसलं की उठताना भिंत धरावी लागे. तरी ठिणग्या उडत राहिल्या.

हॉस्पिटलात रोज जायचा तेव्हा तो माशाची पेज घेऊन जाई. पाओ-लिएनच्या प्लेटलेट आता वर चढू लागल्या होत्या. ती उशीला टेकून बसायची आणि मच्छरदाणीच्या आतूनच चौकशी करायची.

"अडेनियमला पाणी घालतोस ना?"

"रोज घालतो."

"रोज? अरे म्हाताऱ्या, कुजवशील तिला. तिचं बूड बघितलंस ना, फुगलेलं? तिथे पाणी साठवते ती. बोट घालायचं मातीत. दोन पेरं कोरडी लागली तरच घालायचं."

"आणि नेच्याला?"

"त्याला ओल हवी. पण पाण्यात उभं करायचं नाही. बशीत थोडं..." ती थांबली. "बशा भरून ठेवतोस ना?"

"धुवायला काढल्यात," जिन-तू म्हणाला आणि पेजेचा डबा उघडू लागला.

खरं सांगायचं त्याच्या जिभेवर दोनदा आलं आणि दोनदा त्याने ते गिळलं. अंगात ताकद येऊ दे, मग बघू, असं तो स्वतःला सांगत होता. पण घरी जाताना स्कूटरवर त्याला ते टोचत राही.

तो बोट मातीत घालायला शिकला. सुरुवातीला त्याला काही कळेना, सगळी माती सारखीच लागे. मग हळूहळू ओल्या, दमट आणि कोरड्या मातीतला फरक बोटाला समजू लागला. एका सकाळी बोगनवेलीखाली गेल्याच पावसात भरलेला डबा सापडला, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. त्याने डबा तापलेल्या रस्त्यावर उपडा केला आणि त्या वाळेपर्यंत तिथेच उभा राहिला. पाओ-लिएनला अशाच एका अळीतून निघालेल्या डासाने चावून खाटेवर पाडलं होतं. त्या दिवशी त्याने कुंड्यांच्या मागची, खालची, भिंतीतल्या फटींमधली प्रत्येक जागा हात घालून तपासली.

शनिवारी यु-ये आली. सोबत मिंग-हुई होती आणि मागून निम्मी गल्ली. घोड्यांवर ओळीने मांडलेल्या कुंड्या बघून मिंग-हुई म्हणाली, "आ-बेक, हे तर दुकान झालं." जिन-तूची छाती थोडी फुगली.

यु-ये टॉर्च घेऊन एकेक कुंडी बघत गेली. पन्हळीत बोट फिरवलं, ते कोरडं निघालं. खोकी उचलून बघितली. रांगेच्या शेवटी चार कुंड्या होत्या, अननसाच्या जातीच्या, मधोमध लालभडक तुरा येणाऱ्या. नवीन वर्षाला लोक त्या दारात ठेवतात, बरकत येते म्हणून. पाओ-लिएनने एका पिलापासून वाढवून त्यांच्या चार केल्या होत्या. त्यांची पानं बुडाशी एकमेकांत गुंतून पेल्यासारखी खोलगट होतात. यु-येने त्या पेल्यात उजेड पाडला आणि तशीच थांबली.

"लाओ-लिआव, इकडे ये."

पानांच्या बेचक्यात बोटभर पाणी होतं. त्यात बारीक काळ्या अळ्या वरखाली करत होत्या.

जिन-तूच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्याने जमीन बघितली होती, भिंत बघितली होती, पण झाडाच्या पोटात बघायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"आता?" यु-येने विचारलं. तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. ती दमलेली दिसत होती.

मिंग-हुई मध्ये पडली. "झाडातलं पाणी ओतून टाकलं तरी चालतं, दर दोनतीन दिवसांनी पाइप मारला की..."

"नाही," जिन-तू म्हणाला. "मी बोललो होतो."

त्याने चारही कुंड्या उपड्या केल्या, झाडं मुळासकट उपटून पोत्यात घातली आणि गाडीचं गाणं ऐकू येईपर्यंत पोतं हातात धरून वळणावर उभा राहिला. लाल तुरे पोत्याच्या तोंडातून बाहेर आलेले होते. हे पाओ-लिएनला कसं सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. परत आला तेव्हा यु-ये अजून तिथेच होती.

"पुढच्या शनिवारीही या," तो म्हणाला. "आणि त्याच्या पुढच्याही. मला जे दिसत नाही ते तुम्हाला दिसतं."

"मला दुसरी कामं नाहीत वाटतं," यु-ये म्हणाली. पण ती आली.

पाओ-लिएन घरी आली तेव्हा टॅक्सीतून उतरताच तिचं लक्ष रांगेकडे गेलं. घोडे बघून ती हसली आणि मग शेवटची रिकामी जागा बघून हसायची थांबली. "माझी अननसफुलं?"

जिन-तूने तिला पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. बशा, अळ्या, बैठक, यु-येचे गळणारे केस. काही वगळलं नाही. ती ऐकत गेली तशी तिची मान खाली जात गेली.

"म्हणजे तिला माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळेच झालं असं कोण छातीठोक सांगणार? पण झालं असेल."

पाओ-लिएन उठली. चालताना झोक जात होता, तरी आधार न घेता ती समोर गेली आणि यु-येच्या दारात उभी राहून तिने माफी मागितली. यु-येने तिला आत बोलावलं नाही, हाकललंही नाही. "तू आधी स्वतःकडे बघ," एवढंच म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

परतल्यावर पाओ-लिएन म्हणाली, "टाकून दे सगळं. आजच."

"नाही टाकणार."

"माझी झाडं आहेत. मी सांगतेय."

"तुझी होती. तू नसताना मी सांभाळली, आता माझीही आहेत."

"तुला कधीपासून एवढा पुळका आला रे? जन्मभर स्कूटरचं रडगाणं गात होतास. मला लाज वाटते, कळत नाही का? दारात बसले की ती समोर दिसणार, डोक्याला रुमाल बांधलेली."

"दिसू दे," जिन-तू म्हणाला. "झाडं टाकली म्हणून तिचे केस परत येणार आहेत का? पाणी साचू द्यायचं नाही, रोज, दर आठवड्याला, कंटाळा न करता. तिला भरपाई द्यायची तर तीच. टाकून देणं सोपं आहे, पाओ-लिएन. टाकून दिलंस तर उद्या सकाळी उठून तू काय करणार? भिंत बघत बसणार?"

ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. तो दिवस आणि पुढचा सबंध दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. जिन-तू रोजच्यासारखा बोट घालून माती बघत राहिला, पाणी घालत राहिला. तिसऱ्या सकाळी त्याच्या पाठीमागून आवाज आला.

"तुळशीचे तुरे कोण खुडणार? फुलावर गेली तर पानं कडू होतात."

"मला नाही माहीत कसे खुडायचे."

"सरक."

शनिवारी यु-ये टॉर्च घेऊन आली तेव्हा पाओ-लिएन बाहेर स्टुलावर बसली होती. दोघींनी एकमेकींकडे बघणं टाळलं. यु-ये कुंडी बघायची, पाओ-लिएन पानं बाजूला करून द्यायची. सबंध रांग अशीच, न बोलता झाली. काहीच सापडलं नाही. पाओ-लिएनने खुडलेल्या तुळशीची जुडी पुढे केली. यु-ये जरा वेळ तिच्याकडे बघत राहिली. "आज शिंपले आणलेत, त्यात घालते," ती म्हणाली आणि जुडी घेऊन गेली.

हिवाळ्यात डास कमी झाले, पण शनिवार चुकला नाही. कधी तपासणी आधी व्हायची आणि चहा नंतर, कधी उलटं. यु-येचे केस परत आले, पूर्वीपेक्षा पांढरे. ती रुमाल मात्र बांधतच राहिली, सवय लागली म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या दोन गल्ल्यांत तापाचे रोगी निघाले आणि पुन्हा औषधाची फवारणी झाली. या गल्लीत त्या वर्षी कोणी आजारी पडलं नाही. कुंड्यांमुळे की दैवाने, हे कोणालाच सांगता आलं नसतं. पण मिंग-हुईने दुसऱ्या गल्ल्यांतली माणसं घोडे बघायला आणली, आणि जिन-तूच्या मागे काम लागलं. गुडघ्यांना तेल चोळत तो ते करत राहिला.

एका शनिवारी तपासणी संपली तरी यु-ये घुटमळत उभी राहिली.

"माझ्या गच्चीत सकाळचं ऊन येतं," ती कोणाकडेच न बघता म्हणाली.

"मग?" पाओ-लिएनने विचारलं.

"मग काही नाही. येतं म्हटलं."

पाओ-लिएन उठली, तिने बोगनवेलीची एक जून फांदी निवडली आणि तिरका काप देऊन तोडली. खालची पानं काढत ती म्हणाली, "मुळं फुटायला महिना लागेल. रोज उपटून बघायचं नाही, मरते ती."

जिन-तूने मापाची टेप उचलली आणि यु-येच्या गच्चीची लांबी घ्यायला जिन्याकडे निघाला.