वन्संचं काम

मी महिनाभर समुद्रकाठच्या एका घरात राहून काम करणार आहे, हे ऐकल्यावर वन्संच्या हातातली सुरी थांबली.

"का? घरातलं टेबल मोडलं?"

टेबल धड होतं. मीच कंटाळले होते. लोकांची व्याख्यानं हेडफोन लावून ऐकायची आणि त्यांचे शब्द व्हिडिओखाली टाईप करायचे, हे माझं काम. कुठे बसूनही करता येतं, पण मी वर्षानुवर्षं जेवणाच्या टेबलावरच करत आले. हे गेले आणि टेबलाचं दुसरं टोकही रिकामं झालं. शेवटी परगावी राहणाऱ्या लेकानेच ही सहल शोधून दिली. घरून काम करणारी आठ-दहा माणसं एका मोठ्या घरात राहतात, दिवसा आपापलं काम करतात, संध्याकाळी मिळून फिरतात, जेवतात.

"मग मीही येते," वन्सं म्हणाल्या.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हापासून आम्ही दोघी भांडतोय. फार काही नाही, पंखा किती वर आणि मीठ किती कमी, एवढंच.

"तिथे फक्त कामाची माणसं घेतात, वन्सं."

"मग मी काय उभा जन्म माशा मारल्या?"

सहलीची व्यवस्था बघणाऱ्या मुलीने फोनवर विचारलं, "आपण काय काम करता?" वन्संनी पापणीही न लवता सांगितलं, "सल्ला देते." तसं पाहिलं तर ह्यात खोटं काही नव्हतं.

घर छान होतं. खाली एक लांबच लांब टेबल, खिडकीतून पाणी दिसायचं, आणि कामाचे फोन सोडून सकाळभर शांतता पाळायची असा नियम. सगळे हेडफोन लावून लॅपटॉपवर वाकलेले. शांतता आणि वन्सं म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझे जुने हेडफोन कानाला लावले, समोर टॅबलेट उभा केला आणि सुरू झाल्या.

"हं... हं... नाही, तसं नाही चालणार. बघते मी. ठेवू?"

पलीकडे कुणीही नव्हतं. हेडफोनची वायर टॅबलेटच्या मागे नुसतीच लोंबत होती. मी टेबलाखालून त्यांना पाय मारला, त्यांनी तो सव्याज परत केला. बाकीची मंडळी मात्र गार. चित्रं काढणारी मुलगी मला कुजबुजत म्हणाली, "काकूंना किती काम असतं हो! ह्या वयात!" त्यात व्यवस्थेवाली सांगून गेली, की शनिवारी प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल थोडं बोलायचं आहे.

वन्संच्या शेजारी एक दाढीवाला बसायचा. कंपन्यांसाठी प्रोग्रॅम लिहायचा. शांत, सगळ्यांच्या आधी टेबलावर हजर. एका सकाळी आम्ही सगळे कामात बुडालेले असताना त्याला फोन आला. शेजारच्या काकू बोलण्यात गुंतल्यात असं समजून तो जागेवरच हळू आवाजात बोलला. "हो आई. काम चांगलं चाललंय. साहेब खूश आहेत. हो, जेवलो." फोन ठेवून त्याने तोंडावरून हात फिरवला आणि तो मागच्या अंगणात निघून गेला.

वन्संनी हेडफोन काढले. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "चल."

"कुठे? माझं व्याख्यान अर्धं राहिलंय."

"राहू दे. ते पळून नाही जात."

तो पायऱ्यांवर बसला होता. वन्सं गुडघ्यावर हात टेकत त्याच्या शेजारी बसल्या. मी दारातच थांबले.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, काकू. कंटाळलो, म्हणून बाहेर आलो."

"तू फोनवर बोललास ते मी ऐकलंय सगळं. जन्मभर टेलिफोनवर आवाजच ऐकले, खोटा लगेच कळतो."

तो चमकला. "पण तुम्ही तर मीटिंगमध्ये होतात."

वन्सं खाली बघत म्हणाल्या, "कसली मीटिंग! माझ्या कानात काहीच वाजत नाही रे. मला काम नाही. आल्यापासून मी हवेशी बोलतेय. ही निघाली, म्हणून मी निघाले. रिकाम्या घरात मी एकटी काय करणार होते?"

त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि तो हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला.

"मलाही काम नाही, काकू," तो म्हणाला. "इथे आलो त्याच आठवड्यात नोकरी गेली. रोज लॅपटॉप उघडून नुसता बसतो."

वन्संनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे देवा! म्हणजे आपण दोघं शेजारी शेजारी बसून एकमेकांवर छाप पाडत होतो?"

मलाही हसू आवरेना, आणि रडूही. 'ही निघाली, म्हणून मी निघाले.' दिवसभर परक्यांचा शब्द न् शब्द टिपणारी मी, पण हे एक वाक्य ऐकायला इतक्या लांब यावं लागलं.

शनिवारी वन्संनी सगळ्यांसमोर सरळ सांगून टाकलं. हशाने घर दणाणलं. तो ओसरल्यावर दाढीवालाही उठला आणि त्याने आपलं सांगितलं. पुढचे दिवस अख्खं टेबल त्याच्या मागे लागलं. कुणी ओळखीच्यांना विचारलं, चित्रंवालीने त्याच्या कामाचे नमुने नीट मांडून दिले. वन्सं वरच्या खोलीतून त्याला फोन लावून खडूस साहेबासारख्या मुलाखती घ्यायच्या. "पुटपुटू नका! पुन्हा सांगा!" आईला कळवायचं त्याच्या जिवावर आलं होतं, तेव्हाही वन्संच शेजारी बसल्या. आई रागावली ती एवढ्यावरच, की आधी का नाही सांगितलंस.

नोकरी मात्र तिथे असताना लागली नाही. घरी परतून काही आठवडे गेल्यावर लागली, आधीच्यापेक्षा लहान. त्याने पहिला फोन वन्संना केला. फोनवरच त्यांनी त्याला पगार, साहेब आणि दाढी ह्या तिन्ही बाबतींत सल्ला दिला.

पुढच्या सहलीला मी वन्संना स्वतःहून विचारलं, "येताय ना?"

"बघू," त्या म्हणाल्या. "पण ह्या वेळी डोंगर बघ. समुद्राच्या हवेने केस चिकट होतात. आणि तो पंखा कमी कर आधी."