दुतोंड्या पैसा

"बाह्या वर करा," बाबांनी नाणेवाल्याला सांगितलं. "कोपरापर्यंत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस पहिल्यांदाच घरी आलेला, अजून पाणीसुद्धा प्यायला नव्हता. त्याने निमूटपणे घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि बाह्या दुमडल्या.

"खिसे?"

"बाबा, पुरे हं!"

"तू मध्ये बोलू नकोस. तुला माणसं कळत नाहीत."

बाबांना मात्र कळत. जन्मभर त्यांनी कारखान्याच्या फाटकावर झडती घेतली होती. पाळी सुटली की कामगार रांगेत उभे राहत. एकेक जण पुढे येऊन दोन्ही हात वर करी, बाबा त्याला काखेपासून घोट्यापर्यंत चाचपत आणि म्हणत, "हं, पुढे." टोपीत लपवलेला स्क्रूसुद्धा त्यांच्या बोटांतून सुटत नसे. कामगारांनी त्यांचं नाव 'चाळणी' ठेवलं होतं. घरी आल्यावरही चाळणी चालूच. दूधवाल्याचं माप, वाण्याचा काटा, माझ्या मैत्रिणींच्या पिशव्या, सगळ्यांवर डोळा. आई म्हणायची, देव जरी दारात उभा राहिला तरी हे आधी त्याचे खिसे बघतील.

अशा माणसाचा जीव अडकला होता तो तांब्याच्या जुन्या पैशांत. चलनातून कधीच गेलेले, चांगले जाडजूड पैसे. भंगारवाल्यांकडून, म्हाताऱ्या दुकानदारांकडून गोळा करून त्यांनी बिस्किटांचे पत्र्याचे डबेच्या डबे भरले होते. तांबं हिरवं पडू नये म्हणून प्रत्येक पैशाला शिवणयंत्राचं तेल चोळायचं, चळत रचायची आणि कागदात गच्च गुंडाळायची. दर रविवारी चळती सोडून नखाने कडा मोजायच्या. आता डोळ्यांनी दगा दिला होता. मोजणं थांबलं, आणि मोजणं थांबल्यावर घरातली मीसुद्धा चोर ठरायला लागले. शेवटी तेच वैतागून म्हणाले, "विकून टाक सगळे. राखण होत नाही माझ्याच्याने."

तशी आमच्याकडे चोरी एकदाच झाली होती.

डब्यातला सगळ्यात लाडका पैसा म्हणजे दुतोंड्या. दोन्ही बाजूंना छापा, काटा कुठेच नाही. टांकसाळीची चूक, लाखात एखादा असा निघतो, असं बाबा येईल त्याला सांगत. बाबांचा धाकटा भाऊ, माझा काका, रविवारी काकूला घेऊन यायचा, दुतोंड्या उडवून माझ्याशी पैज लावायचा आणि दरवेळी जिंकायचा. एका रविवारी मोजणीत एक पैसा कमी भरला. दुतोंड्याच नव्हता.

"हात वर कर," बाबा काकाला म्हणाले.

काका हसला. त्याला थट्टा वाटली. मग बाबांचा चेहरा बघून त्याने हात वर केले. काकू चहाचे कप घेऊन दारात खिळली होती. तिच्यादेखत बाबांनी सख्ख्या भावाला काखेपासून घोट्यापर्यंत चाचपलं. काही निघालं नाही. "हं, पुढे," बाबा म्हणाले, आणि काका पुढे झाला तो सरळ घराबाहेर.

त्याला आता एक तप उलटून गेलं. काकू गेली तेव्हा बाबा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. "चोराच्या दारात कसा जाऊ?" म्हणाले. त्या दिवशी मला बाबांचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

नाणेवाल्याने एक चळत सोडली, भिंग लावलं आणि कपाळाला आठी घातली. "तेल कुणी लावलं?"

"मी. का?"

"तेल जुनं झालं की त्याचा डिंक होतो. पैसे चिकटलेत एकमेकांना."

"भाव पाडायला सुरुवात झाली," बाबा माझ्या कानाशी पुटपुटले, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात.

नाणेवाला हलकेच हसला. चार-दोन पैसे त्याने वेगळे काढले, बाकीचे वजनावर घ्यायचं ठरवलं. बाबा त्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले होते. दिसत नव्हतं, म्हणून कान लावून बसले होते. एका चळतीशी तो थांबला.

"हा जाड लागतोय."

"सगळे सारखेच आहेत."

"हात द्या." त्याने बाबांच्या एका तळव्यावर एक पैसा ठेवला, दुसऱ्यावर तो जाड पैसा.

बाबांची बोटं त्याच्या कडेवरून एकदा फिरली आणि तिथेच थांबली.

"दोन आहेत," बाबा म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता.

नाणेवाल्याने बाटलीतलं औषध थेंबथेंब सोडलं, पातळ पातं सरकवलं. पैसे सुटले. एक साधा होता. दुसरा त्याने उलटा केला, सुलटा केला. दोन्हीकडे छापा.

साध्या पैशाचा छापा आत चिकटलेला, त्यामुळे वरून बघावं तर एकीकडे छापा, दुसरीकडे काटा. बाबांनी दर रविवारी तो स्वतःच्या हाताने मोजला होता, एक म्हणून.

"अरे वा, लाखाचा पैसा असणार!" मीच म्हणाले. काहीतरी बोलायला हवं होतं.

नाणेवाल्याने दोन्ही पैसे टेबलावर टाकले. साधा खणकन वाजला. दुतोंड्या नुसता ठप्प. "हा टांकसाळीतला नाही, ताई. जादूगारांचा आहे. एक पैसा पोखरून त्यात दुसरा बसवलाय. ही बघा आतून रेघ. याचे काही मिळायचे नाहीत. तुमच्याकडेच ठेवा."

मी बाबांकडे बघितलं. आता म्हणतील लबाड, आता म्हणतील दुसऱ्याला दाखवू. त्यांनी टेबल चाचपून दुतोंड्या उचलला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. नाणेवाल्याने पैसे दिले, तेही त्यांनी मोजायला सांगितले नाहीत. मला भीतीच वाटली.

डबे गाडीत चढवून झाल्यावर नाणेवाला दारात आला आणि त्याने गमतीने हात वर केले. "जाताना बघणार नाही?"

"नको," बाबा म्हणाले. "या तुम्ही."

मग त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. कुठे जायचंय हे मी विचारलं नाही. त्यांचा हात धरून चालत राहिले. गल्लीच्या तोंडाशी त्यांची पावलं अडली, क्षणभरच.

काकाने दार उघडलं. केस पार पांढरे, हातात विसळलेला एकच कप. तो माझ्याकडे बघत राहिला, मग बाबांकडे. बाबा काही बोलतील म्हणून मीही वाट बघत होते. माफी मागायची सवय त्या माणसाला कधी नव्हती. त्यांनी नुसते दोन्ही हात वर केले.

जिन्यातून कुणीतरी चढत होतं, ते बघत बघत वर निघून गेलं. बाबांनी हात खाली घेतले नाहीत.

काकाने कप खिडकीत ठेवला. मला वाटलं, आता तो मिठी मारेल, निदान रडेल तरी. त्याने झडती घेतली. काखा, बरगड्या, कंबर. घोट्यापर्यंत वाकताना त्याचे गुडघे वाजले. सदऱ्याच्या खिशातून दुतोंड्या निघाला. काकाने तो एकदा उलटा केला, एकदा सुलटा केला, परत बाबांच्या खिशात टाकला आणि वरून खिसा नीट बसवला.

"हं, पुढे," काका म्हणाला आणि दारातून बाजूला झाला.

बाबांचे हात वरच राहिले होते. काकाने ते एकेक करून खाली घेतले.